मांडीवरचं मेज

२२५ चौरस फुटांच्या घरात जागा वाटून घेता येत नाही, वेळ वाटून घ्यावा लागतो. सकाळी साडेसहापासून ओट्याशी मी आणि मोरीत बाकीचे आळीपाळीने. आठला गाद्या उचलल्या की दिवाणाची खिडकीकडची बाजू आईंच्या पोथीला. दुपारी त्याच जागी लेकीच्या वह्या पसरतात, संध्याकाळी ह्यांचा चहा आणि बातम्या, दहा वाजले की पुन्हा गाद्या खाली. या वेळापत्रकात घरातल्या प्रत्येकाला आपापला तुकडा मिळतो. माझ्या कामाला मात्र ठरलेली वेळ नाही. मी मुद्रितशोधन करते. प्रुफं कधी दुपारी येतात, कधी रात्री नऊला, आणि बहुतेकदा दुसऱ्या दिवशी सकाळी परत हवी असतात. खाली गाद्या अंथरलेल्या असोत की ताटं मांडलेली असोत, मला कागद ठेवायला एक कडक, सपाट जागा लागते. ती घरात नव्हती, म्हणून मी ती मांडीवर तयार केली.

घर गिरणी कामगारांच्या सोडतीतलं. सासरे गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात होते. १९८२ च्या संपानंतर गिरणी सुटली ती सुटलीच, आणि तीस वर्षांनी, २०१२ च्या सोडतीत, त्यांच्या नावावर हे घर लागलं. याच्या भिंतींवर माझा फार जीव आहे. मोरी, संडास आणि ओटा वजा केला तर बसाय-उठायला उरते ती साधारण अकरा बाय दहाची खोली. तिच्यात चार बाय दोनचं अभ्यासाचं टेबल ठेवायचं म्हटलं तर टेबलाला ८ चौरस फूट लागतात. खुर्ची मागे ओढून माणूस बसणार, त्याला आणखी तीन फूट मोकळे हवेत, म्हणजे आणखी १२. एकूण २० चौरस फूट, खोलीचा जवळजवळ पाचवा हिस्सा. शिवाय टेबल दिवसातून चार तास वापरलं तरी ते जागा चोवीस तास अडवून बसतं. रात्री चौघांच्या गाद्या पडायच्या तिथे टेबलाचे पाय आले तर कुणाला तरी दारात झोपावं लागेल.

सासऱ्यांनी हा प्रश्न आपल्या तरुणपणी फार सोप्या तऱ्हेने सोडवला होता. ते कोकणातून आले तेव्हा गावच्या मंडळाच्या खोलीत राहायचे. एका खोलीत गावातले पुष्कळ गडी, पाळ्या वेगवेगळ्या, त्यामुळे एक कामावर गेला की त्याच्या जागी दुसरा आडवा व्हायचा. अंथरुणाची जागाही स्वतःची नसे. स्वतःची एकच गोष्ट, ती म्हणजे पत्र्याची ट्रंक. तिच्यात कपडे, पैसे, घरची पत्रं. सासऱ्यांचं अक्षर चांगलं असल्यामुळे मनीऑर्डरचे फॉर्म आणि गावाकडची पत्रं लिहून घ्यायला खोलीतले सगळे त्यांच्याकडे येत. ते ट्रंक पुढ्यात ओढून घेत, मांडी घालून बसत आणि ट्रंकेच्या झाकणावर लिहीत. ती ट्रंक अजून आमच्या माळ्यावर आहे. तिचं झाकण मधोमध थोडं खोलगट झालंय.

मुंबईत अशा खोल्यांमधून किती माणसं शिकली याचा विचार केला की मला या शहराबद्दल आदर वाटतो. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या) चाळी १९२० च्या दशकात उभ्या राहिल्या. त्यांतली एक खोली १६० चौरस फुटांची. एवढ्या जागेत आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळं घर, वर गावाहून आलेला एखादा पुतण्या. परळच्या बीआयटी (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या) चाळ क्रमांक १ मध्ये ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्यांत बाबासाहेब आंबेडकर वीसहून अधिक वर्षं राहिले. ग्रंथांना जागा हवी म्हणून दादरला राजगृह बांधून तिकडे जाईपर्यंत त्यांचं घर तेच होतं. वरळीला पोदार रुग्णालयाजवळ सुदाम काळू आहिरे मार्ग आहे. पाटीवर नाव काहीही असलं तरी आसपासची पोरं त्याला अभ्यास गल्लीच म्हणतात. घरात जागा नाही, शांतता नाही, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या मुलं तिथे दिव्याखाली पदपथावर बसून परीक्षेची तयारी करत आली आहेत. ती मुलं पाहिली तर प्रत्येकाच्या मांडीवर काही ना काही कडक असतं. कुणाकडे परीक्षेचा पॅड, कुणाकडे जाड पुठ्ठा, कुणाकडे एखाद्या खोक्याची फळी. बसायला पदपथ मिळाला, उजेड मिळाला, तरी लिहायला मांडीवर काहीतरी लागतंच.

आपण जमिनीवर बसणारी माणसं. लिहिणंसुद्धा आपल्याकडे शेकडो वर्षं जमिनीवर बसूनच झालं. पेशवाईतले कारकून एक गुडघा उभा करून, त्यावर कागद घेऊन बोरूने मोडी लिहीत. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली हात फारसा न उचलता अक्षरं सोडत जायची. उभ्या गुडघ्याने कागदाला आपोआप उतार मिळतो आणि मान फार वाकवावी लागत नाही. पेढीवरच्या दिवाणजींसमोर बुटकं, उतरत्या झाकणाचं मेज असे. झाकणावर कीर्द, म्हणजे रोजचा जमाखर्च, लिहायची, झाकण उघडलं की आत दौत, टाक आणि रोकड. त्याची उंची गादीवर मांडी घातलेल्या माणसाच्या कोपराला जुळेल अशी. ही मेजं बघितली की कळतं, सुताराने आधी माणूस बसवून पाहिला आणि मग लाकडाला हात घातला.

आज बाजारात मांडीवर घ्यायची म्हणून जी मेजं मिळतात, त्यांच्यात हेच दिसत नाही. एक प्रकार लोखंडी दुमडत्या पायांचा. पाय पसरून पलंगावर बसणाऱ्याला तो ठीक आहे. पण मांडी घातली की गुडघे बाहेर जातात आणि त्या पायांवर आपटतात. वरची फळी बहुधा दाबलेल्या भुशाची. मुंबईच्या पावसाळ्यात तिच्या कडा फुगतात आणि वरचा चिकटवलेला कागद सुटायला लागतो. दुसरा प्रकार खाली उशी शिवलेला. तो सोफ्यावर पाय खाली सोडून बसणाऱ्यासाठी केलेला आहे. खुर्चीवर किंवा सोफ्यावर बसलं की दोन्ही मांड्या समोर, समांतर आणि सपाट असतात. मांडी घातल्यावर तसं राहत नाही. मांड्या दोन्ही अंगांना फाकतात, कमरेकडची बाजू आणि गुडघ्याकडची बाजू वेगवेगळ्या उंचीवर येतात, आणि ज्याचे सांधे आखडलेले आहेत त्याचे गुडघे कमरेपेक्षा वर राहतात. सपाट उशीचं मेज अशा मांडीवर डुगडुगत राहतं. म्हणून मी ठरवलं की मेज करायचं ते आपल्या बसण्यावरून करायचं. आमच्या घरात ते कुठे मावेल याचं माप नंतर.

मापं भिंतीला टेकून बसून घेतली. लेकीने टेप धरला. माझं एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंतचं अंतर साधारण ६६ सेंटिमीटर भरलं. मेज त्याहून थोडं कमी हवं, म्हणजे ते मांड्यांवर बसेल, गुडघ्यांच्या वाट्यांवर टेकणार नाही. दुसरीकडे कामाचं माप. ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद, माझा लॅपटॉप ३२. दोन्ही शेजारी ठेवले की ५३, आणि हाताला थोडी मोकळीक. त्यावरून रुंदी ६० ठरली. कागदाची लांबी ३० च्या आत, म्हणून खोली ३५. कोपर शरीराशी सैल सोडला तर हाताखाली फळी किती उंचीवर यायला हवी, तेही पाहिलं. मांडीच्या वर चार बोटं पुरेशी होती.

आमच्या इमारतीच्या मागच्या गल्लीत एका मेस्त्रींचं दुकान आहे. दुकान म्हणजे दोन शटरांमधली बोळकंडी, पण प्लायचे तुकडे रंगरूपाने लावून ठेवलेले. मी कागदावर काढलेलं चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

“ताई, बारा एमएम घ्या. जन्मभर वाकणार नाही.”

“मेस्त्री, मांडीवर घ्यायचंय. जन्मभर उचलायचंही मलाच आहे.”

ते हसले आणि सहा एमएमचा तुकडा काढला. सुतारांच्या भाषेत दोन सूत. आठ सूत म्हणजे एक इंच, या हिशेबाने दोन सूत म्हणजे पाव इंच.

या जाडीवर थोडं थांबायला हवं, कारण मांडीवरच्या मेजाचं सगळं यशापयश वजनात आहे. ६० बाय ३५ ची सहा एमएम फळी साधारण ८०० ग्रॅम भरते. बारा एमएमची दुप्पट, दीड किलोच्या वर. त्यात लॅपटॉपचा दीड किलो आला की अर्ध्या तासात पायाला मुंग्या. मेस्त्रींची शंकाही खरी होती. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाने बदलतो. जाडी निम्मी केली की ताठपणा निम्मा होत नाही, आठवा हिस्सा उरतो. नुसती सहा एमएम फळी दोन मांड्यांवर ठेवून मध्ये लिहायला लागलं तर ती लपलप करते आणि पेन कागदात रुततं. यावर उपाय जाडी वाढवणं हा नाही. खालून पट्ट्या द्यायच्या. उभ्या कडेवर लावलेली बारीक पट्टी थोड्या वजनात भरपूर ताठपणा देते. छपराच्या वाशांचं तत्त्व तेच आहे.

पट्ट्यांसाठी मेस्त्रींनी पॅकिंगच्या पेटीतलं पाइन दिलं. हलकं आणि खिळ्याला न फुटणारं. उतारासाठी मला दोन पाचरी हव्या होत्या, पुढे, म्हणजे पोटाकडे, दीड सेंटिमीटर आणि मागे साडेसात. मी त्या वेगवेगळ्या आखायला बसले होते. मेस्त्रींनी पेन्सिल घेतली, नऊ सेंटिमीटर रुंदीची आणि ३३ लांबीची एकच पट्टी घेतली, एका टोकाला वरून दीडवर खूण केली, दुसऱ्या टोकाला वरून साडेसातवर, आणि दोन खुणा तिरप्या रेघेने जोडल्या. एक काप, दोन सारख्या पाचरी, भुसा सोडला तर काही वाया नाही. दीड आणि साडेसात मिळून नऊ. हे समोर होताना पाहणं फार आनंदाचं होतं. मी त्यांना पुन्हा एकदा करायला सांगितलं, म्हणून त्यांनी एका टाकाऊ तुकड्यावर परत कापून दाखवलं.

या पाचरी तीन कामं करतात. फळीला दहा अंशांच्या आसपास उतार देतात. पुढून मागे फळीला ताठ धरतात. आणि मांडीवर टेकायच्या गाद्या त्यांच्याच बुडाला लागतात. दोन पाचरींमध्ये मी ४० सेंटिमीटर अंतर ठेवलं. मागच्या कडेला दोघींना जोडणारी एक आडवी पट्टी दिली, ती डावी-उजवीकडचं वाकणं थांबवते. सगळं फेव्हिकॉलने चिकटवून वर पाटा आणि डाळीचे डबे ठेवले. डिंक तासाभरात धरतो, पण पूर्ण ताकद यायला एक दिवस जावा लागतो. तोवर वरणाला डाळ शेजारून आणली.

पोटाकडच्या बाजूला मी उथळ कमान काढून घेतली, मध्ये चार सेंटिमीटर खोल. सरळ कड असली की माणूस मेजापासून लांब बसतो आणि मग पुढे वाकतो. कमान असली की मेज अंगाशी येतं, कोपरांना दोन्ही बाजूंना टेकायला जागा मिळते. कमानीची रेघ काढायला खराट्याची लवचिक काडी दोन खिळ्यांमध्ये वाकवून धरली. कागद आणि लॅपटॉप घसरू नयेत म्हणून पुढच्या कडेला दोन सूत उंचीची पट्टी हवी होती. ती कमानीच्या डावीकडे आणि उजवीकडेच लावली. मध्ये, जिथे मनगट टेकतं तिथे, काही नाही. पूर्ण लांबीची पट्टी असलेल्या मेजांवर लिहून पाहा, दहा मिनिटांत मनगटावर लाल वळ उमटतो.

घासण्याच्या कामाला कंटाळणारे लोक असतात. मला ते सर्वांत आवडलं. आधी ८० नंबरचा पॉलिशपेपर, मग १२०, मग २२०. कागद एका लाकडी ठोकळ्याला गुंडाळायचा आणि लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच न्यायचा. आडवा घासला की बारीक ओरखडे पडतात आणि ते पॉलिशनंतर जास्त दिसतात. कडा मी अंगठ्याने तपासत गेले. डोळ्याला गुळगुळीत दिसणारी कड अंगठ्याला खरखरीत लागते. मांडीवर घ्यायच्या वस्तूची प्रत्येक कड कुणाच्या तरी हाताला, कपड्याला, पोटाला लागणार आहे. तिथे कसर ठेवून चालत नाही.

वरून काय लावायचं यावर मेस्त्रींचं आणि माझं जमलं नाही. त्यांचं म्हणणं सनमायका. टिकतो, पुसता येतो, हे खरंच आहे. पण चकचकीत सनमायकावर ट्यूबलाइट चमकते, आणि जोडाक्षरातला तुटलेला रफार शोधायला बसलेल्या माणसाला ती चमक सहन होत नाही. घामाने हातही चिकटतो. चपडी लाखेचं पॉलिश सुंदर दिसतं, पण त्यावर गरम कप टेकला की पांढरा डाग पडतो, आणि आमच्या घरात कप कुठेही टेकतो. मी जवसाचं तेल घेतलं. रंगाच्या दुकानात उकळवलेलं मिळतं, ते लवकर सुकतं. फडक्याने पातळ हात द्यायचा, अर्ध्या तासाने जास्तीचं पुसून काढायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. लाकडाचा रंग उजळतो आणि हाताला लाकूडच लागतं. एक गोष्ट इथे आवर्जून सांगते. जवसाच्या तेलाने भिजलेलं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकायचं नाही. हे तेल हवेशी संयोग पावत सुकतं आणि त्यात उष्णता निघते. बोळा केलेल्या फडक्यात ती साठून आपोआप पेट घेऊ शकते. फडकं दोरीवर पसरून सुकवायचं, किंवा पाण्यात बुडवून मग फेकायचं. लहान घरात तर याला पर्याय नाही.

प्लायच्या कडांना मात्र तेलाचे जास्त हात दिले. पाणी प्लायमध्ये शिरतं ते कडेनेच. तुकडा घेताना त्याच्यावर शिक्का दिसतो का तेही बघावं. आयएस ३०३ हे साध्या प्लायचं मानक आहे, त्यात दमटपणा सोसणारा आणि उकळतं पाणी सोसणारा असे दोन दर्जे असतात. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय. मांडीवरच्या मेजाला मरीनची गरज नाही, पण उकळतं पाणी सोसणाऱ्या दर्जाचा कटपीस मिळाला तर पावसाळ्याची काळजी मिटते.

राहिल्या गाद्या. माझ्या डोक्यात फोम होता. फोम मऊ असतो, पण तो दाबला की परत वर ढकलतो, म्हणून मेज स्थिर राहत नाही. शिवाय एप्रिल-मेमध्ये त्याच्याखाली मांड्या घामाने निथळतात. थर्मोकोलचे दाणे हलके असतात, पण काही महिन्यांत चेपून जातात आणि हललं की कुरकुरतात. शेवरीचा कापूस मला फार प्रिय, पण तोही बसतो आणि त्याच्या गाठी होतात. मी शेवरी आणायला निघाले तेव्हा आईंनी हटकलं.

“अगं, कापूस कशाला? मोहरी भर. बाळाला करतो तशी.”

बाळाच्या डोक्याखाली मोहरीची उशी असते, कारण मोहरी डोक्याच्या आकाराने सरकते आणि तिथेच थांबते. दाणा गोल, बारीक आणि गुळगुळीत. दाब आला की वाहतो, दाब थांबला की जागेवर राहतो. त्यात हवा खेळते, उष्णता धरून ठेवत नाही. वेड्यावाकड्या मांडीवर सपाट फळी स्थिर बसवायला याहून चांगलं काही मला सुचलं नसतं. आईंनी मांजरपाटाच्या दोन आतल्या पिशव्या शिवल्या, २८ सेंटिमीटर लांब आणि ९ रुंद, आणि त्यांना आडव्या शिवणी घालून तीन कप्पे केले. कप्पे नसतील तर सगळी मोहरी उताराच्या बाजूला गोळा होते. मोहरी दोन दिवस गच्चीवर उन्हात वाळवली. प्रत्येक गादीत पाव किलो, कप्पे पाऊण भरलेले, गच्च नाहीत. गच्च भरली तर दाण्यांना सरकायला जागाच उरत नाही. वरचे अभ्रे आईंच्या जुन्या सुती लुगड्याचे, बुडाला फीत लावून पाचरींना चिकटतील असे, म्हणजे काढून धुता येतात. पाचरी सरळ असल्या तरी गाद्या मी किंचित तिरप्या लावल्या, समोर रुंद आणि पोटाकडे जवळ, मांड्या फाकतात त्या दिशेने. या तिरपेपणाने मेज पहिल्यांदाच मांडीवर ठेवलं तेव्हा बसलं ते बसलंच.

सगळं मिळून वजन दीड किलोच्या आसपास. त्यातला अर्धा किलो तळाला, मोहरीचा, म्हणून मेज उलटत नाही.

लॅपटॉपला याचा एक फायदा असा की त्याची खालची जाळी मोकळी राहते. त्याला रबराचे पाय दिलेले असतात ते कडक फळीवर उभं राहायला. गादीवर ते बुडतात, हवा अडते, पंखा ओरडायला लागतो आणि आतलं तापमान चढतं. मांडीलाही तो चटका बरा नव्हे. तरी या मेजावर आठ तास लॅपटॉप चालवावा असं मी कुणाला सांगणार नाही. पडदा खाली राहतो आणि मान वाकते. लांबलचक टंकलेखन असेल तेव्हा मी लॅपटॉप समोर तांदळाच्या डब्यावर ठेवते आणि वेगळा कळफलक मेजावर घेते. वाचन, दुरुस्त्या, पत्रं, हिशेब, मुलांचा अभ्यास यांच्यासाठी मात्र हे मेज कुठल्याही टेबलाच्या तोडीचं आहे. तासाभराने मेज उतरवून ठेवायचं, पाय मोकळे करायचे, पाणी प्यायचं. टेबलावर बसलेल्या माणसानेही ते करायलाच हवं.

ठेवायला जागा लागते ती दाराच्या मागे. मागच्या पट्टीत एक भोक पाडून सुती दोरी ओवली आहे. दार उघडं असतं तेव्हा मेज दिसत नाही. आमच्या घरात जी वस्तू दिसत नाही तीच खरी मावलेली.

याचा एक परिणाम मी धरला नव्हता. पूर्वी मी दिवाणाच्या कोपऱ्यात गुडघ्यावर कागद धरून बसायचे तेव्हा कुणीही मला मधेच उठवायचं. पाणी आलं बघ, बेल वाजली, इस्त्रीवाल्याला किती द्यायचे. मेज मांडीवर आलं तेव्हापासून ते कमी झालं. कुणी ठरवून तसं केलेलं नाही. मांडीवर मेज असलेला माणूस कामात आहे हे सगळ्यांना दिसतं, आणि त्याला उठवायचं म्हणजे आधी मेज, कागद, पेन सगळं उतरवावं लागणार हेही दिसतं. ह्यांनी एकदा स्वतःच उठून दार उघडलं आणि इस्त्रीवाल्याशी हिशेबही केला. लहान घरात बाईच्या कामाला जागा नसते, कारण तिचं काम कुठेही बसून होतं असं सगळे धरून चालतात. कुठेही बसून होणाऱ्या कामालाही त्याचं स्वतःचं आसन लागतं आणि ते तिने मागून घ्यायला हवं, हे मला अगदी मनापासून वाटतं. टेबल मागितलं असतं तर जागेचा प्रश्न आला असता. या मेजाने जागा मागितलीच नाही.

लेक बारावीत आहे. परीक्षा जवळ आली तशी ती मेज घेऊन जिन्याच्या वरच्या वळणावर बसायला लागली, तिथे रात्रभर दिवा असतो आणि वारा येतो. मग प्रुफं आली की आमची ओढाताण. तिच्यासाठी दुसरं मेज केलं, थोडं लहान, आणि उतार तिच्या मनाने कमी, कारण तिला भूमितीच्या आकृत्या काढताना पट्टी घसरलेली चालत नाही. पाचरी तिनेच कापल्या, एका पट्टीतून दोन. आईंनी माझं मेज दुपारी पोथीसाठी मागून घ्यायला सुरुवात केली आहे. पोथीची सुटी पानं वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांना वरच्या बाजूला एक चिमटा हवा आहे, परीक्षेच्या पॅडला असतो तसा. तो आणायचा आहे.

शेजारचा सातवीतला मुलगा परवा येऊन लेकीचं मेज मांडीवर घेऊन बसला. बराच वेळ काही बोलला नाही, नुसता वहीत लिहीत राहिला. तो डावखुरा आहे. शाळेत बाकावर डावीकडच्या मुलाचा कोपर सारखा लागतो म्हणून तो वाकडं बसायला शिकलाय. त्याच्या आईने विचारलं, “ताई, याला एक करून द्याल का? जे काय होतील ते पैसे सांगा.” पैशाचं नंतर बघू म्हटलं. त्याचं माप घेतलंय. गुडघ्यापासून गुडघ्यापर्यंत ५२ आहे, पण दोन-तीन वर्षांत वाढेल, तेव्हा फळी ५५ ची धरते आणि गाद्यांच्या फितीला सरकवायला जागा ठेवते. पेन्सिलीची खाच डावीकडे घ्यायची. मेस्त्रींकडे शिवण या झाडाच्या लाकडाच्या पट्ट्या येणार आहेत, पाचरींना त्या वापरून बघू. मोहरी वाळत घातली आहे.